एक रविवार होचा, एक नाहीचा

घर बघायला आलेल्या माणसाला घरमालकीण आधी पाणी विचारते. आमच्या घरमालकिणीने आम्हा नवरा-बायकोला आधी वाकायला सांगितलं. गुडघे सरळ ठेवून बोटं जमिनीला लावायची. नवऱ्याची बोटं पोटरीपाशीच अडली, माझी जरा खाली गेली. बाई आमच्याभोवती एक चक्कर मारून आल्या, माझ्या पाठीवर मधोमध बोट टेकवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "खोल्या हिले देऊन राहिली मी. तुले हिच्यामुळे भेटून राहिल्या, समजून घे."

भाड्याचं बोलणं नंतर झालं. त्याआधी अट सांगितली गेली, की वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने सकाळी खाली व्यायामाला यायचं. पुरुष आला नाही तरी चालेल, कारण पुरुष कारणं फार सांगतात. मला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंगणातून अशी शिट्टी आली, की नवरा खाणीचा भोंगा समजून उठून बसला.

तुमसरला आम्ही नवे होतो. नवरा नाकाडोंगरीकडच्या मॅगनीजच्या खाणीत टाइमकीपर, मी गावातल्या एका पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासायची. आणि मालकीणबाई म्हणजे मुलींच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवून निवृत्त झालेल्या मॅडम. त्यांचं नाव मी लिहीत नाही. तुमसरातल्या दोन पिढ्यांच्या बायका नुसतं 'मॅडम' म्हटलं तरी पाठ ताठ करतात, तेवढी ओळख पुरे. उंच, काटक बाई. पांढरे केस मुलांसारखे बारीक कापलेले, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. नवरा तहसील कचेरीत होता, तो वारलेला. मूलबाळ नाही. उभ्या राहिल्या की त्यांची डावी कंबर थोडी बाहेर यायची, आणि ती आत घ्यायला त्या गुरुवारचा अख्खा व्यायाम खर्ची घालायच्या.

कारण त्यांच्या आठवड्याला वारांची नावंच नव्हती. सोमवार खांद्यांचा, मंगळवार चालायचा, बुधवार जिन्याचा, असं चालायचं ते. गॅसवाल्याला त्या "कमरेच्या दिवशी आण सिलेंडर" म्हणून सांगत, आणि तो बरोबर गुरुवारी आणायचा. शुक्रवार दोरीचा. दोरीवरच्या उड्या त्या मोजू द्यायच्या नाहीत, मोजणारा माणूस मोजण्यानेच दमतो म्हणे. त्याऐवजी प्रत्येक उडीला एका धानाचं नाव घ्यायचं. चिन्नोर, लुचई, दुबराज, काळी कमोद. माझं माहेर नागपूरचं, मला तांदूळ म्हणजे तांदूळ एवढंच ठाऊक. मी दुबराजपाशीच अडखळायची आणि दोरी पायात यायची. मंगळवारी देव्हाडीच्या रस्त्याने चालायला जायचं ते राइस मिल सुरू व्हायच्या आत परतायचं, नाहीतर हवेतला कोंडा डोळ्यात जातो. एकदा मी म्हटलं, "मॅडम, आज अंग दुखतंय." त्या म्हणाल्या, "दुखून नाही राहिलं ते. उठून राहिलं."

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याचा राग त्यांना अजून होता, आणि त्याचं कारण जगावेगळं होतं. "खो-खोच्या साऱ्या चांगल्या टीमा तिकडे गेल्या. आता जिल्ह्यात पहिला नंबर आला तरी कोणाले हरवून आला?" असं त्या पोस्टमनपासून आमदाराच्या माणसापर्यंत सगळ्यांना विचारायच्या. पोस्टमन बिचारा आमच्या गल्लीत सायकलवरून उतरायचाच नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्यांना एक वाईट खोड होती. माणसाच्या तोंडाकडे न बघता त्या पाठीकडे बघत. तोंड खोटं बोलतं, पाठीला ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका बुधवारी जिना चढताना मागून त्यांचा आवाज आला, "तुह्या पाठीत कोणाचं बोलणं अडकून आहे?"

अडकलेलं होतं ते सासूबाईंचं. सासर पवनीचं, हातमागावर विणणाऱ्यांचं घर. सासूबाई वाईट नव्हत्या, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्यांनी निरोप धाडला होता, की पुढच्या पोळ्यापर्यंत काही कळलं नाही तर त्या स्वतः येऊन मला नागपूरच्या डॉक्टरकडे नेणार. डॉक्टरकडे जाण्यासारखं मला काही झालं नव्हतं. मला ठरवता येत नव्हतं, एवढंच झालं होतं. दिवसभर पॅथॉलॉजीत बायका बाकावर बसून असायच्या. त्यांच्या चिठ्ठीवर 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं काम माझं. कुणी 'आहे' वाचून रडायची, कुणी 'नाही' वाचून. मी सगळ्यांकडे बघत बसायची आणि माझ्या मनात दोन्हींपैकी कशाचीच हाव उठायची नाही. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." चांगला माणूस. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मला मात्र ते वाक्य ऐकलं की ताट आपटावंसं वाटायचं, आणि का ते कळायचं नाही.

हे मी जिन्यातच सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं, समजूत-बिमजूत काही काढली नाही. म्हणाल्या, "मंग रविवारी ये."

रविवारी तोवर सुट्टी असायची. कळलं ते असं, की रविवार डोक्याचा. एका रविवारी दिवसभर असं वागायचं, की आपलं ठरलं आहे, मूल हवं. शंका काढायची नाही. बाजारात जा, भाजी घे, कपडे वाळत घाल, पण 'हो' ठरलेल्या बाईसारखं. पुढच्या रविवारी हेच सगळं 'नाही' ठरलेल्या बाईसारखं. "डोक्यानं ठरवशील तं म्हातारी होशील. घालून पाहा. चप्पल बी पायात घातल्याशिवाय घेतो का आपण?" सोमवारी खांदे फिरवता फिरवता त्या विचारायच्या, "कुठं चावली?"

मी ते इमानाने केलं. वेड्यासारखं वाटायचं, पण केलं. होच्या रविवारी छातीवर कुणी हात ठेवून बसल्यासारखं व्हायचं. नाहीच्या रविवारी मी पोटभर जेवायची, गाणी म्हणायची, आणि इतकी खुशाल जेवले म्हणून संध्याकाळी रडू यायचं. नवरा शेजारी बसून पेपर वाचत असायचा. त्याला मी सांगितलंही नव्हतं, आज कोणता रविवार आहे ते. पोळा जवळ येत चालला आणि माझी झोप उडाली. मॅडम रोज पाठीकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, तेही मला सोसेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. येताना पिशवीतून एक लाकडी नंदी घेऊन आल्या. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैलांना झुली घालून, शिंगं रंगवून मिरवतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. ज्याच्या घरी पोर त्याच्या घरी नंदी. सासूबाईंनी हा होणाऱ्या नातवाचा म्हणून घेतला होता, त्याची झूल स्वतः मागावर विणली होती, रेशमी काठाची. त्यांनी तो आमच्या दारात ठेवला, त्याला कुंकू लावलं आणि माझ्या पोटाकडे बघितलं. मी आत जाऊन गॅस लावला, उगाचच.

त्यातच पोळा शुक्रवारी होता, म्हणजे दोरीचा दिवस. सणामुळे व्यायाम चुकेल असं मला वाटलं होतं. पण शिट्टी झाली आणि मी सवयीने खाली गेले. सासूबाईंनी खिडकीतून मला उड्या मारताना पाहिलं. त्या दिवशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं कसं असतं ते मला माहीत होतं, म्हणून रात्री मी जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतली पोरं आपापले बैल घेऊन मॅडमच्या अंगणात जमली होती. बाया उंबऱ्यावर, पुरुष कंपाउंडपाशी. मॅडम खुर्ची टाकून बैलांना नंबर देत होत्या. सासूबाई जिना उतरून सरळ त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"का जी मॅडम, माह्या सुनेले तुम्ही रोज दोरीवर नाचवता?"

"रोज नाही. शुक्रवारी."

"बाईच्या जातीनं उड्या मारल्या का पिशवी खाली सरकते, माहीत नाही तुमाले? मी नववा लागला तरी मागावर बसली होती, पण उडी नाही मारली कधी. म्हणूनच म्हणते मी, हिचं पोट काहून भरून नाही राहिलं! तुमचं नाही झालं, तं दुसऱ्याच्या घरचं बी नको होऊ देऊ, हो ना?"

मला वाटलं, मॅडम आता सासूबाईंच्या पाठीतलंही काही बाहेर काढणार. पण त्यांच्याआधी शेजारची एक म्हातारी पुढे झाली. "अवो माय, मॅडमले कायले बोलता? त्यायच्यात दोष नव्हता जी. त्यायच्या साहेबातच होता. त्यायनं स्वतः सांगितलं होतं आपल्या मायले, साऱ्या गल्लीले माहीत आहे. बिचाऱ्या मॅडम, कधी शब्द नाही काढला तोंडातून."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. नवऱ्यानेही पहिल्यांदाच ऐकली असणार, कारण त्याच्या चेहऱ्यावर मला एकदम वाट सापडल्यासारखं दिसलं. तो कंपाउंडपासून दोन पावलं पुढे आला. "आई, तिले नको बोलू. आणि मॅडमलेही नको. डॉक्टरकडे नेऊन काही फायदा नाही. दोष माह्यात..."

मॅडमनी शिट्टी वाजवली. मैदानावर फाउल झाल्यावर वाजवतात तशी, कानाचे पडदे फाटतील अशी. एक लहान पोरगा रडायलाच लागला.

"खोटं नको बोलू," मॅडम उभ्या राहून म्हणाल्या. "एकदा एक माणूस असाच बोलला, ते जन्मभर पुरलं मले." मग त्या सासूबाईंकडे वळल्या, पण आवाज सगळ्यांनी ऐकावा असाच होता. "आमच्या साहेबात काही दोष नव्हता. माह्यातही नव्हता. मले लेकरू नको होतं. त्यायनं माह्यासाठी आपल्यावर घेतलं. आणि मी घेऊ देलं."

"नको होतं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता, त्यांना खरोखरच समजत नव्हतं. "नको कसं असते जी?"

मॅडमनी डाव्या कमरेवर हात ठेवला. "ही पाहा. माह्या पाठचे सारे भावंडं हिच्यावर बसून मोठे झाले. एक उतरला का दुसरा. कडेवर लेकरू नसलेली मी मले आठवतच नाही. शाळेत पहिल्यांदा शर्यतीत पळाली तं हात मोकळे होते, कुठं ठेवावं ते समजेना. तेव्हाच ठरलं माह्यं. लेकरं वाईट नाही वाटत मले. आयुष्यभर दुसऱ्यायच्या पोरी पळवल्या. पण घरचं नको होतं."

म्हातारी पदराने तोंड पुसत मागे सरकली. एकेक बाई आपल्या पोराचं बोट धरून निघून गेली. त्या वर्षी अंगणातल्या कुठल्याच बैलाला नंबर मिळाला नाही. सासूबाई संध्याकाळच्या गाडीने पवनीला गेल्या.

मॅडमना याची किंमत पडली. पूर्वी गल्ली त्यांना 'बिचारी' म्हणायची, आता काहीच म्हणेनाशी झाली. गणपतीचा प्रसाद घरोघरून यायचा, तो आला नाही. आठवड्याभरात त्यांचे दीर मोहाडीहून आले. वयस्कर, थकलेला माणूस. अंगणातच उभे राहून बोलले, आत आले नाहीत. "पानठेल्यावर लोक हसत होते त्याले, वहिनी. मी बी हसलो आहे. सख्खा भाऊ, आणि मी बी हसलो. त्याले मरेपर्यंत तसं ऐकून घ्यायले लावलं तुम्ही?"

"हाव," मॅडम म्हणाल्या.

दीर रडले. मॅडम रडल्या नाहीत, ताठ उभ्या होत्या. पण मी वरून बघत होते, आणि त्या वेळी मला त्यांची पाठ दिसत होती. ती बघवली नाही म्हणून मी आत गेले.

त्या दिवशी त्या पहिल्यांदाच वर आमच्या खोलीत आल्या. बूट दाराशी काढले, मोरीपाशी खाली बसल्या. बराच वेळ हाताची बोटं ताणत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्यायले विचारलं होतं, तुमाले काय वाटते. ते म्हणे, तू म्हणशील तसं. मले वाटलं, वा, असा नवरा कोणाले भेटते! बाई, ते उत्तर नव्हतं. पण मी ते उत्तर म्हणून घेतलं, कारण मले सोयीचं होतं. त्यायले पाहिजे होतं का नव्हतं, मले आजही माहीत नाही. रविवार मी एकटीनंच केले. आणि तुलेही एकटीलेच करायले लावले. चुकलं माह्यं."

मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला. इतके रविवार मी जीव मुठीत धरून घालवले होते, आणि आता ही बाई म्हणते चुकलं! मी फाडफाड बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, बूट घातले आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या रविवारी नवरा पेपर वाचत होता. मी तो हातातून काढून घेतला. म्हटलं, "मूल पाहिजे की नको?"

"तू म्हणशील..."

"मी काही म्हणत नाही. तुम्ही म्हणा. चांगुलपणा नको मला. तुमचं तुम्ही सांगा."

तो इकडेतिकडे बघायला लागला. हसला. मग हसू राहिलं नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मले पाहिजे," तो म्हणाला. "पोरगी पाहिजे मले. लग्नाच्या आधीपासून."

या उत्तराची मला भीतीच होती. पण त्याच क्षणी माझ्या छातीवरचा हात उठला, हेही खरं. कारण त्याने इतकं स्वच्छ सांगितल्यावर माझंही मला स्वच्छ ऐकू आलं. मी म्हटलं, "मला नको."

त्यानंतरचं वर्ष वैऱ्यालाही येऊ नये असं होतं. आम्ही भांडलो, अबोले धरले. तो पवनीला जाऊन राहिला आणि मी रोज वाटेकडे डोळे लावून बसले, आणि आला तर काय सांगू म्हणून घाबरत बसले. हो म्हणून टाकावं असं हजारदा ओठांवर आलं. म्हटलं असतं तर तो आनंदाने वेडा झाला असता, आणि मी जन्मभर त्याच्याकडे आणि त्या लेकराकडे बघून हसत राहिले असते. मॅडमनी पुन्हा शिट्टी वाजवायला सुरुवात केली होती. मी खाली जायची. त्या माझ्या पाठीकडे बघायच्या नाहीत, शेजारी उभ्या राहून स्वतःचे खांदे फिरवायच्या.

एका सकाळी नवरा अंगणात येऊन उभा राहिला, हातात बॅग. माझ्या हातात दोरी होती.

"आईले सांगून आलो," तो म्हणाला. "म्हटलं, तिले नको आहे, मले पाहिजे आहे, आणि मी तिच्यासंगंच राहणार आहो. दोष कोणाचाच नाही."

"आई काय म्हणाल्या?"

"रडली. मंग जेवायले वाढलं."

मॅडम ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशीची दोरी मला एकटीलाच मारावी लागली.

पुढे नवऱ्याची नोकरी बदलली, आम्ही तुमसर सोडलं. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत, इतरांची जातात तशीच गेली. कुठल्या लग्नात कुणाची चिमुरडी त्याच्या मांडीवर येऊन बसली, की मी दुसरीकडे बघते. तो मला दुसरीकडे बघताना बघतो. आम्हा दोघांनाही ते ठाऊक असतं.

मॅडमना शेवटचं भेटायला गेलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. भाची सांभाळायला होती. हात तेवढे हलत होते, आणि त्या मनगटं फिरवत होत्या. माझी विचारपूस त्यांनी एका वाक्यात उरकली. मग नवऱ्याला पलंगाशी बोलावलं, जवळ बसवलं.

"तुले अजून वाटते का रे? पाहिजे होतं म्हणून?"

मी तिथेच उभी होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हाव मॅडम. वाटते कधी कधी."

मॅडमची मनगटं थांबली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग डोळे न उघडताच, अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगता का जी?"

जन्मात त्यांनी कधी माझ्या नवऱ्याला 'अहो-जाहो' केलं नव्हतं; तसं त्या साहेबांशी बोलत असणार. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. मग त्याने त्यांचा हात हातात घेतला आणि पुन्हा सांगितलं.